आत्ताच चहा झाला

माझ्याकडं पेशंट सांभाळायला बाई मागायला कोणी आलं, की पैशाअडक्याचं नंतर, आधी मी एक अट सांगते. पहिल्या दिवशी बाईसंगं मी येणार, आणि तुमच्या स्वयंपाकघरात बसून तुमच्याच गिलासातनं आम्ही दोघी पाणी पिणार. चालत असलं तर बोला, नायतर दुसरीकडं बघा. लोक तोंडाकडं बघत राहतात. काहींना वाटतं बाईचं डोकं फिरलंय. फिरलंयच, पण उगीच नाय फिरलं. ते कसं फिरलं तेच सांगायला बसले आहे.

मी आणि अक्का एका खाजगी दवाखान्यात आया होतो. अक्का म्हणजे सख्खी बहीण नव्हे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी म्हणून मी तिला अक्का म्हणायचे, आणि ती मला धाकटी. तिचं माहेर करमाडच्या पुढचं. बाप, चुलते मेंढरांमागं फिरलेले, आता थोडी शेती आणि थोडी मजुरी. तिचा नवरा चिकलठाण्याच्या एका कंपनीत वॉचमन. आम्ही बौद्ध. विद्यापीठाच्या नावावरनं मराठवाडा पेटला, तेव्हा गावात आमच्या वस्तीतली घरं जाळली. त्यात आमचं बी गेलं. नवरा, मी आणि माझी आई, तिघं अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आलो आणि हर्सूलकडं एका वस्तीत पत्रे उभे करून राहिलो. अक्काला हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. माझं काहीच तिच्यापासून लपलेलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तेच महत्त्वाचं आहे.

त्या वर्षांत शहर नुसतं वाढत होतं. आधी चिकलठाणा, मग वाळूज, रोज एखाद्या नव्या कंपनीचं नाव कानावर पडायचं. तालुक्यातली शिकलेली पोरं साहेब होऊन सिडकोत घरं घेत होती, आणि त्या नव्या कोऱ्या घरांत गावाकडनं आणलेली म्हातारी आई नायतर बाप खाटेवर पडलेला असायचा. दवाखान्यातनं सुट्टी देताना डॉक्टर म्हणायचे, आता घरीच सेवा करा. करणार कोण? मुलगा कंपनीत, सून शाळेवर. मग ते जाताना आम्हा आयांना हळूच विचारायचे, "बाई, घरी याल का?"

अक्का म्हणाली, "धाकटे, ही लोकं एवढं विचारतात तर आपणच का नाय काढावं काम? दुसऱ्याच्या दवाखान्यात फरशी पुसण्यापेक्षा बरं." धंदा बिंदा शब्द आमच्या तोंडात नव्हता. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं त्याच्या फोनवर निरोप घ्यायचं कबूल केलं आणि आमचं दुकान सुरू झालं. माझा हात चांगला होता. लकवा झालेल्या माणसाला कसं उचलावं, कूस कशी बदलावी, हे मी वॉर्डात सिस्टरांच्या मागं मागं राहून शिकले होते, आणि ते मी अक्काला बी शिकवलं. अक्काचं तोंड चांगलं होतं. लोकांशी बोलून काम पक्कं करायचं ते तिनंच.

पहिल्याच घराच्या दारात मालकिणीनं मला खालीवर बघितलं आणि अक्काला विचारलं, "ही कोणाच्यातली?"

आमच्याकडं हा प्रश्न नाव विचारायच्या आधी विचारतात. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "माझी चुलतबहीण हाय."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. म्हटलं, अक्का, आम्ही धर्म बदलला तो ताठ मानेनं जगायला, तोंड लपवून फिरायला नाय. ती म्हणाली, "अगं, जगली वाचलीस तर मान ताठ करशील ना. आणि खोटं काय बोलले मी? बहीण मानते की नाय तुला?" तिनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. मी रडले. आनंदानं रडले बरं का. सख्ख्या बहिणीनं मला कधी असं जवळ घेतलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भीती बी होती. जळक्या घराचा वास नाकात बसलेला असला की माणूस खोट्याला लवकर तयार होतं.

मग तिनं मला तिचं माहेरचं आडनाव दिलं. तिच्या गावची जत्रा कधी असते, नैवेद्य कशाचा असतो, तिच्या आजोबांकडं किती मेंढरं होती, सगळं माझ्याकडनं पाठ करून घेतलं. मी बी इतकं मन लावून पाठ केलं, की एका घरी मी त्या जत्रेचं वर्णन करता करता डोळ्यात पाणी आणलं होतं. आयुष्यात न बघितलेल्या जत्रेसाठी. अक्काला ते सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

दर रविवारी अक्का आमच्या घरी यायची. पुढच्या आठवड्यात कोणी कुठं जायचं, ते ठरवायला. खाटेच्या कडेला बसायची. माझी आई तांब्या-गिलास पुढं ठेवायची, आणि अक्का म्हणायची, "नको मावशी, आत्ताच चहा झाला." कधी म्हणायची उपास आहे. कधी म्हणायची पित्त झालंय, पाण्यानं बी मळमळतं. मला तिची लई काळजी वाटायची. इतक्या वेळा पित्त बरं नव्हे, म्हणून मी ओवा उकळून त्याचं पाणी बाटलीत भरून तिला द्यायचे, घरी जाऊन पी म्हणायचे. पुढच्या रविवारी ती बाटली स्वच्छ धुवून परत आणायची आणि म्हणायची, "लई गुण आला बघ." आणि मी पुन्हा भरून द्यायचे.

दुसऱ्या वर्षी सिडकोतलं ते घर मिळालं. पैठणकडचं मोठं शेतकरी घराणं, मुलगा कंपनीत साहेब, सून शिक्षिका. साहेबांच्या आईला लकवा झालेला. उजवं अंग पार गेलं होतं आणि बोलणं बी गेलं होतं, नुसतं हं म्हणायच्या. मी त्यांना आजी म्हणायचे. चौदा महिने मी त्यांचं केलं. सकाळी आठला जायचं, संध्याकाळी सून शाळेतनं आली की निघायचं.

आजींना पेज भरवायची म्हणजे अर्धा-पाऊण तास. लकव्याच्या माणसाला भरवताना घास चांगल्या बाजूच्या गालात सोडावा लागतो, नायतर ठसका लागतो. आजींचा डावा गाल चांगला होता. एक चमचा गिळला की त्या चिमणीच्या पिलासारखा आ करून पुढच्याची वाट बघायच्या. दर दोन तासांनी मी त्यांची कूस बदलायचे, पाठीला स्पिरिट लावून पावडर घालायचे, चादरीला सुरकुती राहू द्यायचे नाय. तपासायला येणारे डॉक्टर एकदा साहेबांना म्हणाले, वर्ष झालं माणूस खाटेवर आहे आणि पाठीवर एक डाग नाही, ही बाई सोडू नका. त्या घराच्या शब्दावर आम्हाला आणखी चार घरं मिळाली. आम्ही त्या घरांवर दुसऱ्या बायका ठेवल्या. अक्का रस्त्यानं चालताना पदर सावरून चालायला लागली, मी तिला चिडवायचे, "आल्या बघा मालकीणबाई."

पण माझा जीव आजींवर होता. दुपारी त्या डाव्या हातानं माझ्या बांगड्या मोजल्यासारख्या करायच्या. एक, दोन, तीन, मग परत पहिल्यापासून. मी म्हणायचे, आजी, वाढल्या का? त्या हं म्हणायच्या. मला वाटायचं, हे खोटं आडनाव असेल, पण हा हात तर खराच आहे. त्यावर मी दिवस काढत होते.

नामांतराचे मोर्चे तेव्हा सारखे निघायचे. वस्तीतली सगळी जायची, मी बी सुट्टी बघून जायचे. अक्काला सांगूनच जायचे. ती म्हणायची, "जा, पण मागं राहा. पदर पुढं ओढून घे."

त्या दिवशी मात्र बायांना पुढं केलं होतं. चौकात मोर्चा पोचला तेव्हा पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या, आणि पहिल्याच रांगेत कंपनीची बस उभी होती. वर बघितलं तर खिडकीत साहेब. त्यांची माझी नजरानजर झाली. माझी मूठ वर होती आणि अर्धी घोषणा तोंडात होती. एक क्षण वाटलं, हात खाली घ्यावा, मागं फिरावं. मग मी घोषणा पुरी केली, लई मोठ्यानं केली. त्याचा मला आजबी पस्तावा नाय.

रात्रभर डोळा लागला नाय. कामाचं एक दुःख, पण आजींना कोण भरवणार, हे दुसरं. सकाळी मी आधी अक्काच्या घरी गेले, तिला सगळं सांगितलं. तिनं चपला पायात सरकवल्या. मग म्हणाली, "काय होत नाय. मी येते संगं. तू एक अक्षर बोलू नको, मी बोलते." माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. अक्का बोलणार म्हणजे काम झालं, असा माझा विश्वास होता.

आम्ही गेलो तेव्हा साहेब कामावर गेले नव्हते. कोणी काही बोललं नाय, म्हणून मी हात धुतले, आजींना तक्क्याला टेकवून बसवलं आणि पेज भरवायला घेतली. तीन-चार चमचे झाले असतील. साहेब आणि वहिनी खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाय. अक्काला विचारलं, "ही तुमची चुलतबहीण ना?"

मी चमचा हातात धरून अक्काकडं बघत होते. आता ती काय बोलते, इकडंच माझा सगळा जीव. ती म्हणेल, सख्खी नाय पण बहीणच. नायतर म्हणेल, साहेब, चूक झाली, मीच सांगितलं तसं, पण हिचा हात बघा, आईची पाठ बघा. मी तिच्या वतीनं मनात चार-पाच उत्तरं तयार करून ठेवली होती.

अक्का म्हणाली, "नात्यातली नाय साहेब, मानलेली. मला बी आत्ताच कळतंय. मला म्हणली मी तुमच्यातलीच हाय. मी भोळी, मी विश्वास ठेवला. माझं बी घर बाटवलं हिनं."

तिचा आवाज बी कापत होता. रडायच्या बेतात आल्यासारखी. मी ऐकत राहिले. मला आधी वाटलं, ही दुसऱ्या कोणाबद्दल बोलते आहे.

साहेब ओरडले नाहीत. चांगल्या घरचे होते, आवाज चढवायची त्यांची रीत नव्हती. एवढंच म्हणाले, "जातीचं काही नाही, पण खोटं बोलून घरात शिरलात, याचं वाईट वाटतं. तो चमचा ठेवा." आणि तिकडं आजी आ करून बसल्या होत्या. त्यांना काय कळलं, काय नाय, देव जाणे. मला वाटतं काहीच कळलं नाय. त्यांना भूक लागली होती आणि पुढचा चमचा यायला उशीर होत होता.

मी चमचा ठेवला. अक्का पुढं आली, माझ्या मांडीवरची वाटी उचलली आणि माझ्याच जागेवर बसून भरवायला लागली. घाईत तिनं पहिलाच घास उजव्या गालात सोडला. पेज ओठातनं खाली ओघळली. माझ्यानं राहवलं नाय. "डाव्या बाजूनं, अक्का," मी म्हणाले. त्या घरात मी बोललेलं शेवटचं वाक्य तेच.

लोक विचारतात, तू तिथंच का नाय सांगितलंस, की हे खोटं हिनंच रचलं? मी बी स्वतःला शंभरदा विचारलंय. तर त्या वेळी माझ्या मनात आलं होतं, की मी बोलले तर हिचं बी काम जाईल, चारही घरं जातील. म्हणजे तेव्हा बी मी तिचाच विचार करत होते. साहेबांवरचा माझा राग कधीच ओसरला. अक्कावरचा बी कधी कधी ओसरतो. पण त्या क्षणी तिची काळजी करणाऱ्या स्वतःवरचा राग काही जात नाय.

घरी येऊन मी आईला सांगितलं. वाटलं, आई तिला शिव्या घालेल. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती थापतच म्हणाली, "ती आपल्याकडं पाणी पीत नाय, बघितलं नव्हतंस का तू?"

मी म्हणाले, तिला पित्त आहे.

"पित्त," आई म्हणाली. "पहिल्या रविवारीच कळलं होतं मला. पण तू एवढी खुशीत होतीस, कशाला बोलू."

तीन वर्षांतले रविवार एकेक करून डोळ्यापुढं आले. चहा, उपास, पित्त. एकदा बी नाय. तीन वर्षांत माझ्या घरचा पाण्याचा एक घोट तिच्या नरड्याखाली उतरला नव्हता. आणि मी ओव्याचं पाणी उकळत बसले होते. ती ते कुठं ओतत असेल, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गटारात की तिच्या मोरीत, हे मी कितीतरी दिवस मनात घोळवत राहिले. माणसं वेदना झाल्या की तोंड वाकडं करतात, ते बघून मी त्यांचं दुखणं ओळखायचे. त्याच्यावरच माझं पोट होतं. आणि समोर बसलेल्या बाईच्या तोंडावरची किळस मला पित्त वाटली.

पुढं जे व्हायचं ते झालं. अक्कानं बाकीच्या घरांत बी तेच सांगितलं, की मी जात लपवून तिला फसवलं. मेडिकलवाला माझे निरोप घेईना. दोन-तीन महिने मी घरीच बसले, मग आजींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनाच जाऊन भेटले. त्यांना म्हटलं, माझं काम तुम्ही बघितलंय, आणि मी बौद्ध आहे, दोन्ही सांगून कुठं पाठवायचं तर पाठवा. पाठवलं त्यांनी. काही दारं उघडली, लई दारं तोंडावर आपटली. पण "कोणाच्यातली" विचारायच्या आत मी सांगून टाकायचे, आणि आपटलेल्या दाराचा आवाज मला पहिल्यासारखा लागायचा नाय.

उन्हाळ्यात, भर दुपारी, अक्का आमच्या दारात येऊन उभी राहिली. घामानं निथळत होती. चेहरा उतरला होता. मी ये म्हणाले नाय आणि जा बी म्हणाले नाय. ती आत येऊन खाटेच्या कडेला, तिच्या नेहमीच्या जागी बसली.

"धाकटे," ती म्हणाली, "म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्यात. माकडहाडापाशी तर हाड दिसायला लागलं. तू काय करायचीस, ते सांग. माझ्यानं ते जमत नाय. साहेब म्हणतात, पंधरा दिवसांत फरक नाय पडला तर दुसरी बाई बघतो."

मला आधी आजींची पाठ डोळ्यापुढं आली, मग राग आला. एवढ्या महिन्यांनी आली ती काम जाईल म्हणून. मी उठले, माठातनं गिलास भरला आणि तिच्यापुढं धरला.

ती म्हणाली, "नको, आत्ताच..."

माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं असावं. मी म्हणाले, "आधी हे पी. मग सांगते."

आई दाराशी गहू निवडत बसली होती, तिचा हात थांबला. अक्कानं गिलास घेतला. भिंतीवरच्या दोन फोटोंकडं बघितलं, मग गिलासात बघितलं. मला मनातनं वाटत होतं, ही आता रडेल, म्हणेल चुकले, आणि मग घटाघटा पिईल. अजून बी मी तिच्या वतीनं उत्तरं तयार करत होते. तिनं डोळे मिटले, नाक दाबल्यासारखं तोंड केलं, आणि लहान पोरं कडू औषध घेतात तसा तो गिलास एका दमात रिकामा केला. खाली ठेवला. पदरानं ओठ पुसले. मग परत एकदा पुसले.

मी तिला सगळं सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदल. चादर ओली राहू देऊ नको. जखमेला स्पिरिट लावायचं नाय, जीव जाईल म्हातारीचा, मीठ घालून उकळलेल्या गार पाण्यानं धू. आणि हाड दिसतंय म्हणजे हे आपल्या हातचं नाय, उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखव. दोनदा सांगितलं आणि तिच्याकडनं वदवून घेतलं, जत्रेचं तिनं माझ्याकडनं पाठ करून घेतलं होतं तसंच. आजींच्या पाठीनं माझं काही वाकडं केलेलं नव्हतं.

उठताना अक्का म्हणाली, "पाणी प्याले ना तुझ्या घरचं. झालं आता समाधान?"

मी व्हय म्हणाले. अक्काच्या शिकवणीतनं मी लई खोटं बोलले होते, पण हे एक खोटं माझं मी बोलले.